खेळाडूची पारख आणि पारखीची जबाबदारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा असणार की हा गृहस्थ बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेल. मी खेळाडूंच्या निवडीवर बोलतो म्हटल्यावर ते जरा चपापले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि गेटसभांत. मैदानावर मी गेलो तो प्रेक्षक म्हणूनच. परंतु माणसाला पारखून आत घेणे आणि पारखून बाहेर ठेवणे हा प्रकार मी आयुष्यभर फार जवळून पाहिला आहे. म्हणून हे धाडस.

आपल्या खामगावाला पारख नवी नाही. 1870 साली जलंबहून येथे रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. व्यापारी ढिगात हात घालतो, चिमूटभर कापूस बोटांत ओढून धाग्याची लांबी पाहतो, ओल पाहतो, कचरा पाहतो आणि भाव बोलतो. मुरलेला पारखी सहसा चुकत नाही. का चुकत नाही? कारण कापूस वेचून झालेला असतो. त्याचा धागा आता वाढायचा नसतो. चौदा वर्षांचे पोर मात्र अजून बोंडातच असते. त्याची पारख करणे म्हणजे बोंड फुटण्याआधी भाव ठरवणे होय.

अशी पारख आपल्या राज्यातही होते. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीसाठी मुलांची उंची व वजन घेतात, तीस मीटर धावायला लावतात, जागेवरून लांब उडी व उभी उडी मोजतात, मेडिसिन बॉल फेकायला देतात, आठशे मीटर पळवतात. हे योग्यच आहे. वशिल्यापेक्षा फूटपट्टी केव्हाही बरी. पण फूटपट्टी आजचे माप सांगते, उद्याचे सांगत नाही. एकाच वयोगटात वर्षाच्या आरंभी जन्मलेला मुलगा आणि अखेरीस जन्मलेला मुलगा शेजारी उभे राहतात. त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते, आणि त्या वयात वर्ष म्हणजे फार झाले. कॅनडातील आइस हॉकीची 1985 साली अशी तपासणी झाली. तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच निवड अधिक झालेली दिसली. पारखी ज्याला गुण समजत होते, तो कित्येकदा निव्वळ आधी जन्मल्याचा फायदा होता.

आता या धंद्याची मोठी पेठ पाहू. अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलचे 30 संघ आहेत. वर्षातून एकदा ते नवे खेळाडू दोन फेऱ्यांत वाटून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघाला आधी संधी मिळावी हा हेतू. 1985 पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. मुलांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उडी, धाव, जुन्या दुखापती, सारे तपासतात. इतके करूनही 1984 साली दोन संघांनी दुसऱ्यांना निवडले आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर गेला. शाळेत दहावीत असताना मोठ्या संघात त्याच्याऐवजी एका उंच सोबत्याला घेतले होते. सर्बियाचा निकोला योकिच 2014 साली 41 वा निवडला गेला. पुढे तीन वेळा तो त्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

उलट उदाहरण आपल्याच देशातले. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. 2015 साली 52 व्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिला भारतीय. देशभर पेढे वाटावेत असा आनंद झाला. पण त्या लीगमध्ये त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याची उंची कमी झाली नव्हती. खेळच बदलत होता. लांबून चेंडू टाकणारा चपळ गडी हवासा झाला, आणि नुसत्या उंचीचा भाव उतरला.

आणि आपली कबड्डी? 2014 पासून प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईला 2018 साली 36 लाख 40 हजार मिळाले, आणि पुढच्याच वर्षी 1 कोटी 45 लाख. एका वर्षात त्या पोराचे अंग चौपट झाले का? पोर तेच होते. पारख्यांचे डोळे उघडले होते. तेव्हा पहिला भाव खरा की दुसरा?

पारखी चुकतो म्हणून मी त्याला दोष देत नाही. चुकणे माणसाचा धर्म आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: चुकीचा भुर्दंड कोणी भरायचा? संघाने चुकीचा गडी घेतला, तर पुढच्या वर्षी दुसरा घेतो. पण शाळा सोडून, गुडघा मोडून, विसाव्या वर्षी घरी परतलेल्या मुलाने कोणाकडे जायचे?

आपल्या गावाला जवळची वाटावी अशी एक हकिकत सांगतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात सिल्व्हर सिटी नावाचे गाव आहे. सिल्व्हर सिटी म्हणजे रजतनगरी, आणि भोवती कापसाची शेते! तेथे स्पेन्सर हेवूड जन्मला. त्याची आई कापूस वेचायची, तोही लहानपणी वेचायचा. 1968 च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. पण लीगचा नियम असा की शाळा संपून चार वर्षे झाल्याखेरीज कोणी व्यावसायिक संघात खेळू नये. घरात खाणारी तोंडे मोजता येत नव्हती, आणि हा म्हणे चार वर्षे थांब! तो कोर्टात गेला. 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खटला चालू असताना त्याला खेळू देणारा आदेश पुन्हा लागू केला. पुढे समझोता झाला आणि दार उघडले.

तेथील खेळाडूंची युनियन 1954 ची. 1964 साली बॉस्टनला निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. पेन्शनचे वचन मिळेपर्यंत खेळाडू खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते. वचन मिळाले, मगच सामना झाला. असा प्रसंग वाचला की माझ्यासारख्याची छाती फुगते. पण त्याच युनियनने 1995 च्या करारात पहिल्या फेरीतल्या नवख्यांचे वेतन क्रमांकानुसार बांधून घेतले, आणि 2005 च्या करारात वयाची अट 19 वर केली. जुन्यांचा लाभ झाला. ज्यांचे हात बांधले गेले ते त्या वेळी शाळेत होते.

मी त्यांना नावे ठेवू शकत नाही, कारण हेच मी केले आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात करार झाला. जुन्या कामगारांना चांगली पगारवाढ मिळाली. त्या बदल्यात पुढे भरती होणाऱ्यांची उमेदवारी एक वर्षाची होती ती दोन वर्षांची झाली. मी सही केली. सभेत टाळ्या पडल्या. दोन वर्षे भरत आली असताना त्या नव्या भरतीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला ‘योग्य नाही’ म्हणून घरी पाठवले होते. तो भांडला नाही. एवढेच विचारले, ‘‘भाऊ, तवा आमच्या बाजूनं कोन बसलं होतं तिथं?’’ मला उत्तर देता आले नाही. अजून देता येत नाही. आजचा विषय मी निवडला तो या प्रश्नामुळे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. निवड एकदाच होऊन दार बंद होऊ नये. आज मागे पडलेल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे, आणि मोजताना त्याचा जन्ममहिनाही पाहावा. ज्याने मुलाला घेतले, त्याने त्याच्या दुखापतीचा आणि शिक्षणाचा भार उचलावा. करार मुलाला कळणाऱ्या भाषेत असावा, आणि सहीच्या वेळी त्याच्या बाजूचे एक जाणते माणूस शेजारी बसलेले असावे. आईबापांना विनंती, की मैदान गाजले म्हणून शाळेतून नाव काढू नका.

रुईची गाठ कोणी घेतली नाही तरी तिला दुःख होत नाही. नाकारलेले पोर मात्र संध्याकाळी आपल्याच घरी जेवायला येते. त्या वेळी त्याला काय सांगायचे, हे पारख करण्यापूर्वीच आपण ठरवून ठेवले पाहिजे.