पदवीनंतरची पहिली वर्षे
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पन्नास वर्षे एखादी संस्था विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभी राहते, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याबद्दल गौरवपर बोलण्याचा अधिकार माझ्याहून थोर मंडळींचा आहे आणि ती या व्यासपीठावर बसलेली आहेत. मला संयोजकांनी विद्यार्थ्यांशी बोलावयास सांगितले आहे. विषयही त्यांनी दिला, ‘करिअर’. हा शब्द इतका ऐसपैस आहे, की त्यात काहीही मावते. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा घेतो. पदवीची परीक्षा संपते त्या दिवसापासून पुढची तीन-चार वर्षे. वाणिज्य महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करताना माझ्या असे ध्यानात आले, की आपल्या मुलामुलींचे नुकसान नापास होण्याने फारसे होत नाही. ते या तीन-चार वर्षांत होते, आणि तेही नकळत.

पदवीपर्यंतचा रस्ता आखलेला असतो. जूनमध्ये वर्ग सुरू होतात, परीक्षेच्या तारखा विद्यापीठ ठरवते, निकाल लागतो. पदवीनंतर तारखा ठरविणारे कोणी राहत नाही. विद्यार्थी म्हणतो, ‘तयारी चालू आहे.’ वडील शेजाऱ्यांना तेच सांगतात. एक वर्ष जाते, दुसरे जाते.

स्पर्धा परीक्षांचेच पाहा. पुण्यात सदाशिव पेठेतून, शास्त्री रस्त्याने एक चक्कर मारा. अभ्यासिकांच्या पाट्या, मेसचे फलक, झेरॉक्सची दुकाने आणि हातात वर्तमानपत्र घेऊन चहाच्या टपरीवर उभे असलेले तरुण. त्यांच्या जिद्दीविषयी मला नितांत आदर आहे. बार्शी, जत, परांडा, पाथर्डी अशा तालुक्यांतून ती मुले येतात आणि एका खोलीत चौघे राहतात. परंतु आदरापोटी आकडे झाकून ठेवणे हे त्यांच्या हिताचे नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेला ११ लाख ३५ हजारांवर अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ७३ हजार. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १३,०९०. मुलाखतीपर्यंत पोहोचले २,५२९ आणि अंतिम शिफारस झाली ९३३ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण सहाशे जणांत एक! हे ऐकून कोणी घाबरावे अशी माझी इच्छा नाही. मला त्यातली वेगळी संख्या दाखवायची आहे. मुलाखतीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलेले उमेदवार सुमारे १,६०० होते. देशातील निवडक बुद्धिमत्ता ती! त्यांतले काही पुढच्या वर्षी यशस्वी होतात, काहींचे वय व संधी संपलेल्या असतात. अशा उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, नियोक्त्यांपर्यंत पोहोचविण्याची योजना खुद्द आयोगालाच करावी लागली, यावरून प्रश्नाची जाणीव व्हावी.

खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला केंद्रीय परीक्षेसाठी वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात. राज्य सेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. कायद्याने दिलेली ही मुदत म्हणजे आपण स्वतःला दिलेली मुदत, असा समज अनेक घरांत झालेला आहे. शासनाने दार उघडे ठेवले म्हणून आपण उंबऱ्यावर सतरा वर्षे बसावे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. तयारी सुरू करण्याच्या दिवशीच ती कधी थांबवायची ती तारीख कागदावर लिहा. दोन प्रयत्न, फार तर तीन. तो कागद आईवडिलांना दाखवा आणि त्यांच्याजवळच ठेवा. तारीख आधी का लिहावयाची? कारण दोन गुणांनी पूर्वपरीक्षा हुकलेल्या मुलाला त्या रात्री निर्णय विचाराल, तर तो ‘आणखी एकदा’ असेच म्हणेल. दोन गुणांनी हुकणे हा मोठा मोहक प्रकार आहे. चाळीस गुणांनी हुकलेला मुलगा घरी येतो, नोकरी शोधतो, संसाराला लागतो. दोन गुणांवाला अभ्यासिकेतच राहतो.

दुसरे असे, की तयारीच्या काळात हाताला एखादे काम असावे. ‘अभ्यास कधी वाया जात नाही’ असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. राज्यघटना, अर्थव्यवस्था, आधुनिक इतिहास यांचे वाचन माणसाला निश्चित समृद्ध करते. परंतु एकोणतिसाव्या वर्षी मुलाखत घेणारा व्यवस्थापक ‘मधली सात वर्षे काय केले?’ असे विचारतो, तेव्हा त्याला केलेले काम दाखवावे लागते. आमचा एक माजी विद्यार्थी सकाळी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात चार तास बसे आणि दुपारनंतर अभ्यास करी. मित्र त्याला हसत. तीन प्रयत्नांनंतर ठरल्याप्रमाणे तो थांबला, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला कोठे जायचे हा प्रश्न नव्हता. आज त्याचे स्वतःचे कार्यालय आहे आणि तेथे चार पदवीधर काम करतात.

राज्य सेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, हेही येथे नमूद करतो. वर्षानुवर्षे केवळ चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केलेल्यांना पुन्हा लेखणी हाती धरावी लागली. ज्यांनी रोज एक पान, मराठीत का होईना, मुद्देसूद लिहिण्याची सवय ठेवली होती, त्यांना ती परीक्षेतही उपयोगी पडते आणि कार्यालयातही. साधे पत्र नीट लिहू शकणारा पदवीधर आज किती दुर्मिळ झाला आहे, हे नोकरी देणाऱ्यांना विचारा.

आता माझ्या वाणिज्य शाखेकडे वळतो. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला मुलाखतीत बँक जुळवणी पत्रक म्हणजे काय असे विचारले, तर व्याख्या बिनचूक येते. मग त्याच्यासमोर दुकानाची रोकडवही आणि बँकेचे पासबुक ठेवले, आणि शिल्लक जुळवून दाखव म्हटले, की हात थांबतो. हा अनुभव मी कितीतरी वेळा घेतला आहे. दोष सर्वस्वी विद्यार्थ्याचा नाही. त्याने चेक वटला नाही म्हणजे काय होते हे फक्त पुस्तकात पाहिलेले असते. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच एखाद्या व्यापाऱ्याकडे, लेखापालाकडे, पतसंस्थेत जा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून लहान दुकानदारालाही हिशेब जाणणारा माणूस हवा असतो. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण, २० तारखेपर्यंत कराचा भरणा. या दोन तारखांच्या आधीचे आठ दिवस तुम्ही एखाद्या कार्यालयात बसलात, तर वर्षभराच्या तासांत जे उमगले नाही ते उमगेल. पैसे किती मिळतील? सुरुवातीला थोडे, कदाचित जाण्यायेण्याच्या भाड्यापुरते.

सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम पदवीनंतरही घेता येतो. वाणिज्य पदवीधरास ५५ टक्के व इतरांस ६० टक्के गुण असल्यास प्राथमिक परीक्षेशिवाय थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेपासून ती दोन वर्षांची झाली. अंतिम परीक्षा अवघड आहे व अनेकांची राहून जाते. तथापि ज्याने ही दोन वर्षे मन लावून लेखापरीक्षणाचे काम केले, त्याला परीक्षा राहिली तरी बाजारात मान आहे. ज्याने आर्टिकलशिप केवळ कागदोपत्री उरकली, त्याची परीक्षाही राहते आणि कामही.

कला व विज्ञान शाखेच्या मुलांना आपल्यासाठी असे काही नाही असे वाटते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे, पण २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही त्यात स्थान मिळाले. विद्यावेतन घेऊन कारखान्यात वा कार्यालयात काम शिकता येते. आपल्या तालुक्यातल्या किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर ही माहिती लागते, हे प्राचार्य मंडळींनी पाहावे.

उच्च शिक्षणाच्या कर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. केंद्राच्या पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागितले जात नाही. परंतु हप्ता किती बसेल हे आधी काढा, आणि त्या अभ्यासक्रमातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांना भेटून त्यांचे वेतन विचारा. संस्थेचे माहितीपत्रक हा पुरावा नव्हे. परदेशी जाण्याचा सल्ला देणारा एजंट असेल, तर त्याला दलाली कोण देतो तेही विचारून घ्यावे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे नाव आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले, ही गोष्ट मुले फार आवडीने सांगतात! त्यापुढची गोष्ट मात्र सांगत नाहीत. घरचा सावकारी व कापसाचा व्यवसाय असताना त्यांनी १९०३ च्या सुमारास रेल्वेची कंत्राटे घेण्यास आरंभ केला, तो लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. आणि फाटक कोण? रेल्वेतील माजी कारकून. भांडवल एकाकडे, रेल्वेच्या कामाची आतली माहिती दुसऱ्याकडे. कारकुनाच्या खुर्चीवर बसून जे पाहिले, त्याचीही किंमत होती. पहिली नोकरी लहान आहे म्हणून नाकारणाऱ्यांनी वालचंदांबरोबर फाटकांचेही नाव लक्षात ठेवावे.

पालकांशी एक गोष्ट बोलायची आहे. मुलाला तयारीसाठी तीन वर्षे देणारे घर मुलीला कित्येकदा तीन महिनेही देत नाही. स्थळ आले, की पुस्तके बांधली जातात. आमच्या वर्गात पहिल्या पाचांत मुली अधिक असत. दहा वर्षांनी कामावर दिसतात त्यांत मुले अधिक. मधल्या काळात मुलींची बुद्धी कमी झाली असे तर नाही. मुलाच्या कागदावर जी तारीख लिहाल, तीच मुलीच्याही कागदावर लिहा.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक विनंती. आपल्या शिष्यवृत्त्या पदवीपर्यंत आहेत. पदवी मिळाली की मदत थांबते, आणि नेमकी त्याच वर्षी शिकाऊ उमेदवाराला शहरात खोली घ्यावी लागते, परीक्षा शुल्क भरावे लागते, घरी पैसे मागण्याचा संकोच वाटू लागतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून काही रक्कम बाजूस काढून, जो पदवीधर प्रत्यक्ष काम शिकत आहे त्याला वर्षभर बिनव्याजी साहाय्य द्यावे, आणि कमावू लागल्यावर त्याने ते परत करावे. पन्नास वर्षांत येथून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज कारखानदार, लेखापाल, वकील आहेत. त्यांनी दरवर्षी प्रत्येकी एका पदवीधराला आपल्या कार्यालयात बसू दिले, तरी कामाची निम्मी सोय होईल.

माझ्यापुरते सांगायचे, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी या सभागृहात मुलाखतीच्या सरावासाठी येईन. येताना गुणपत्रिका आणू नका. स्वतःच्या हाताने केलेल्या एखाद्या कामाचा कागद आणा, मग तो जुळवलेला हिशेब असो, लिहिलेले टिपण असो वा काढलेला आराखडा.