हा फोटो खरा आहे का? तेजोमेघ, दीर्घिका आणि आपला कॅमेरा

(हा भाग वाचणाऱ्यांसाठी: बोललेलं जवळजवळ तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यानं सरळच विचारलं, "तुम्ही टाकता ते तेजोमेघांचे गुलाबी-निळे फोटो खरे असतात की एडिट करून रंगवलेले? कारण मी मित्राच्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला, तर नुसता राखाडी धूर दिसला."

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

आधी डोळ्याचं बघू. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. रात्री लाईट गेल्यावर घरातला लाल टॉवेल काळपट दिसतो ना, तसंच. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. सेकंदाच्या छोट्याशा भागात जे मिळालं ते मेंदूला दिलं की पाटी कोरी. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो शटर उघडं ठेवून बसतो आणि प्रकाश थेंब थेंब जमा करत राहतो. म्हणजे त्या श्रोत्याला दिसलेला राखाडी धूर खरा होता, आणि फोटोतला गुलाबी रंगही खरा आहे. तो गुलाबी-लाल रंग बहुतेक हायड्रोजनचा. तापलेला हायड्रोजन 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देतो.

हे 'साठवून बघणं' काही आजचं नाही. 1880 मध्ये हेन्री ड्रेपर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, सुमारे 51 मिनिटं शटर उघडं ठेवून. 1888 मध्ये आयझॅक रॉबर्ट्सनं देवयानी दीर्घिकेचा फोटो घेतला आणि पहिल्यांदा तिचे सर्पिल पट्टे स्पष्ट दिसले. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या मोठमोठ्या निरीक्षकांनाही ते तोवर नीट कळले नव्हते. हा रॉबर्ट्स पेशानं बांधकाम व्यावसायिक होता, बरं का. त्याला वाटलं आपण एक नवी सूर्यमाला तयार होताना पाहतोय. ती आपल्यापासून साधारण 25 लाख प्रकाशवर्षं दूर असलेली अख्खी वेगळी दीर्घिका आहे, हे कळायला 1920 चं दशक उजाडावं लागलं. त्याचा अर्थ चुकला, पण त्यानं काढलेला फोटो मात्र खरा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या हातातल्या मोबाईलकडे येऊ. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला 15 अंश सरकतं. मोबाईल ट्रायपॉडवर घट्ट बसवला तरी 15-20 सेकंदांनंतर तारे ठिपके न राहता रेघा होतात. मग मोबाईल काय करतो? गुगलच्या पिक्सेल फोनमधला आकाशाचा मोड बघा. एकच चार मिनिटांचा फोटो घ्यायच्या ऐवजी तो 16-16 सेकंदांपर्यंतचे 15 फोटो घेतो, तारे एकावर एक जुळवतो आणि सगळ्यांची सरासरी काढतो. याला आम्ही स्टॅकिंग म्हणतो, आणि आमच्या सगळ्या धंद्याचा पाया हाच आहे.

हे का चालतं? गर्दीच्या लोकलमध्ये दाराजवळ उभा असलेला मित्र तुम्हाला काहीतरी सांगतोय असं समजा. एकदा सांगितलं, गोंगाटात ऐकू आलं नाही. तो तेच वाक्य शंभर वेळा म्हणाला. गोंगाट दर वेळी वेगळा, वाक्य मात्र तेच. शंभर वेळा ऐकल्यावर वाक्य उलगडतं. फोटोतला कणीदार गोंगाट हा असाच दर फ्रेमला बदलतो आणि तेजोमेघ जागच्या जागी राहतो. 100 फ्रेम रचल्या की फोटो साधारण दहापट स्वच्छ होतो. पण वीसपट स्वच्छ हवा असेल तर 200 पुरत नाहीत, 400 लागतात. आमची लोकं रात्रभर थंडीत का कुडकुडतात, त्याचं गणित हे असं आहे.

मोबाईलच्या पुढे जायचं असेल तर लगेच दुर्बीण घेऊ नका. कुणाकडे जुना डीएसएलआर पडून असेल तर तो मागा, त्यावर 50 मिलिमीटरची साधी लेन्स आणि एक न हलणारा ट्रायपॉड. देवयानी दीर्घिका आकाशात पूर्ण चंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे, फक्त मंद आहे. या लेन्समध्ये ती फोटोच्या रुंदीचा साधारण दहावा भाग व्यापते. चार-चार सेकंदांच्या 450 फ्रेम घ्या, झाला अर्ध्या तासाचा प्रकाश. मग लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या वीसेक काळ्या फ्रेम घ्या, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग वजा करता येतात. सकाळी लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून उजळत्या आकाशाच्या आणखी वीसेक फ्रेम घ्या, मात्र तोवर फोकस हलवू नका. त्यामुळे कोपऱ्यातला काळोख आणि धुळीचे ठिपके जातात. हे सगळं सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकरमध्ये टाकायचं. दोन्ही फुकट आहेत.

फोकससाठी व्याध किंवा एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून हातानं जुळवा आणि लेन्सची रिंग चिकटपट्टीनं पक्की करा. ऑटोफोकसवर सोडलंत तर रात्र वाया गेलीच म्हणून समजा.

कुठे आणि कधी? जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ नसतंच, ढग असतात. दुःखाची गोष्ट अशी की धनु-वृश्चिकेतले एकाहून एक सुंदर तेजोमेघ नेमके पावसाळ्याच्या संध्याकाळी डोक्यावर येतात. म्हणून आम्ही ते मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीन-चारला उठून गाठतो. देवयानी ऑक्टोबर ते जानेवारी, मृग डिसेंबर ते मार्च, आणि शक्यतो अमावस्येच्या आसपास. आपला एक फायदा सांगतो. युरोपातल्या लोकांना धनु रास क्षितिजाला टेकलेली दिसते, आपल्याकडे ती चांगली पन्नास अंशांच्या आसपास चढते. तोटा असा की ध्रुवतारा आपल्याकडे जेमतेम 18-19 अंशांवर असतो, धुरक्यात किंवा डोंगराआड लपलेला. ताऱ्यांबरोबर फिरणारा ट्रॅकर आधी त्याच्याकडे रोखून बसवावा लागतो, तेव्हा हे फार जाणवतं.

आणि आता प्रकाश प्रदूषण. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, माफ करा.

मुंबईची हौशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वांगणीला आकाश बघायला जातात. आता तिथूनही क्षितिजावर शहराचा उजेड दिसतो. बरं, पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे असायचे. त्यांचा उजेड वाईट होता, पण बराचसा ठरावीक पिवळ्या रंगात अडकलेला होता, त्यामुळे फिल्टर लावून तो बराच गाळता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला. तो गाळायला गेलात तर आकाशातलंही गाळलं जातं.

म्हणून शहरातल्या मंडळींनी एक फरक समजून घ्या. मृग किंवा रोझेटसारखे तेजोमेघ मोजक्याच ठरावीक रंगांत चमकतात, हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवट निळा. तेवढेच दोन रंग आत सोडणारा फिल्टर मिळतो. तो लावून ठाण्याच्या किंवा पुण्याच्या गच्चीवरूनही ट्रॅकर आणि चिकाटीच्या जोरावर तेजोमेघाचा बरा फोटो निघतो. दीर्घिकेचं तसं नाही. ती अब्जावधी ताऱ्यांचा उजेड आहे, म्हणजे सगळे रंग, अगदी तुमच्या गल्लीतल्या एलईडीसारखे. तिला कुठलाही फिल्टर वाचवू शकत नाही. तिच्यासाठी अंधारच लागतो. शहरातून देवयानीचा मधला गोळा मिळेल, बाहेरचे पट्टे नाहीत.

अंधार सांभाळायचे प्रयत्न होतायत, नाही असं नाही. लडाखमधलं हानले आहेच. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, भारतात पहिल्यांदा. तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले गेले. गावं अंधारात टाकली नाहीत हं, फक्त उजेड खाली वळवला. हे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही मांडता येतं. मी मांडलंय. अर्धे लोक हसले, पण गच्चीवरचा एक दिवा वळला.

बरं, परत त्या मेसेजकडे. रंग 'रंगवलेले' असतात का?

कधीकधी असतात, आणि ते सांगून केलेलं असतं. हबल दुर्बिणीचा 1995 चा गरुड तेजोमेघातल्या खांबांचा प्रसिद्ध फोटो आठवा. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. गंधक आणि हायड्रोजन दोघंही खरं तर लालच, शेजारी शेजारी. तसंच ठेवलं तर कुठे कोणता वायू आहे ते कळणारच नाही. नकाशात तालुक्यांना रंग देतो तसं हे. जमीन हिरवी-गुलाबी नसते, पण नकाशा खोटा नसतो.

मग खोटं काय? माझ्या मते सीमा अशी आहे: सेन्सरवर पडलेला प्रकाश कितीही ताणा, पण जो पडलाच नाही तो आणू नका. हल्ली काही एआय साधनं धूसर जागी 'असं असेल' म्हणून स्वतःच बारकावे भरतात. कुणी गडाचा फोटो एका रात्रीचा आणि आकाशगंगा दुसऱ्या दिशेची, चौपट मोठी करून चिकटवतं. चित्र म्हणून छान, पण मग तसं लिहा ना खाली. नाहीतर तो फोटो बघून एखादी मुलगी हौसेनं रात्री त्या जागी जाते आणि तिला वाटतं आपलेच डोळे खराब आहेत.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? 2022 मध्ये यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेविए स्ट्रॉटनर या तीन हौशी मंडळींना देवयानीच्या फोटोत एक अनोळखी निळसर कमान दिसली. सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून, शंभरहून जास्त तास जमवलेला प्रकाश. ऑक्सिजनचा मोठा ढग, दीर्घिकेच्या अगदी शेजारी. शतकभर ज्याचे असंख्य फोटो काढले गेले असा हा भाग, आणि तो ढग कुणाच्या लक्षात आला नव्हता! पहिली शंका अर्थात हीच, की ही लेन्सची चमक किंवा एडिटिंगची करामत असेल. मग वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या उपकरणांनी पाहिलं, तर कमान तिथेच. 2023 च्या सुरुवातीला शोधनिबंध आला. ती देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, अलीकडे कुठेतरी, यावर संशोधकांची चर्चा चालू आहे. रॉबर्ट्ससारखंच, अर्थ बदलेल. त्यांच्या मूळ फ्रेम्समध्ये कुणी 'असं असेल' म्हणून काही भरलं असतं, तर या कमानीवर विश्वास कोण ठेवणार होतं?

तर त्या श्रोत्याला: तुझ्या मित्राची दुर्बीण चांगली आहे. तिच्या आयपीसला मोबाईल टेकवून बघ, राखाडी धुरात हलका गुलाबी रंग कदाचित त्याच रात्री दिसेल.

जाताना थोडं व्यवहाराचं. माळरानावर एकट्यानं जाऊ नका, गावात कुणाला तरी सांगून जा, नाहीतर मध्यरात्री टॉर्च घेतलेले लोक बघून गाव जमा होतं. पायात बूट घाला. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. पहाटे लेन्सवर दव बसतं, त्यासाठी सुका रुमाल आणि पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा ठेवा. जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरायचं नाही.

फोटो काढलात तर पाठवा, आणि मूळ एक फ्रेमही सोबत जोडा, स्टॅक न केलेली. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन सिरिलमध्ये काय काय करायचं ते बोलू. तोवर, भेटूच!