पिठाचा कोंबडा आणि कागदाची बाहुली
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



यशोधर राजाची कथा जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूकाव्यात ती विस्ताराने गुंफली. महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ रचले. पुढे 1209 मध्ये जन्न कवीने ती कन्नडमध्ये आणली. उज्जयिनीचा हा राजा मातोश्री चंद्रमतीच्या आग्रहापुढे अर्धाच नमतो. जिवंत पशूचा बळी देण्यास तो नकार देतो. पण पिठाचा कोंबडा करून देवीपुढे त्यावर शस्त्र चालवतो. रक्ताचा थेंबही न सांडता संकल्पी हिंसा घडते, आणि मायलेकांना मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड अशा योनींतून भटकावे लागते.

पाठशाळेतील मुलांना ही कथा बाहुल्यांच्या खेळातून दाखवावी, असे सहज मनात येते. परंतु ज्या कथेत निर्जीव आकृतीवर उगारलेल्या हातामागील भाव हेच अनर्थाचे मूळ आहे, ती कथा निर्जीव आकृत्यांकरवीच सांगायची, तर त्या घडविणाऱ्या हातांनाही काही विवेक बाळगावा लागतो.

महाराष्ट्राला बाहुल्यांची परंपरा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जिवंत ठेवली. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लाकूड कोरणे मात्र मुलांच्या आवाक्यातले नव्हे. त्यांना सोपा पडतो तो कागदाचा लगदा.

हस्तकलेची पुस्तके सांगतात, जुनी वर्तमानपत्रे फाडून भिजत घाला. पहिली अडचण येथेच येते. अक्षर फाडणे, ते पाण्यात कुजविणे हा श्रुताचा अविनय, असे मानणारी आजी बहुतेक घरांत असते; आणि तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पर्वकाळात त्याच वर्तमानपत्रांतून तीर्थंकरांची छायाचित्रेही छापून येतात. म्हणून कागद कोराच घ्यावा. छापखान्यात कटाईच्या वेळी कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांचे ढीग निघतात आणि ते बहुधा मागितल्यास मिळतात. (अंड्यांच्या ट्रेचा लगदा उत्तम होतो, अशीही शिफारस आढळते. ती सोडून देणेच बरे.)

कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते गाळून उकळलेल्या पाण्यात भिजवावेत. असे पाणी चोवीस तास प्रासुक मानले जाते, म्हणजे रात्रभर भिजविण्यास बाध येत नाही. शिवाय गरम पाण्याने कागदाचे तंतू लवकर सुटतात. दुसऱ्या दिवशी लगदा चांगला कुटून, पिळून घ्यावा. खळीसाठी एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, मग चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. बाजारातला सरस वापरू नये. तो जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला असतो. खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीतही टाळावी, कारण ते विषच आहे. खळ रोजची रोज करावी. शिळी खळ आंबते, आणि आंबणे म्हणजे जीवोत्पत्ती, हे या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही.

तर्जनी सैलसर जाईल अशी पुठ्ठ्याची नळी घेऊन तिच्या टोकावर कोऱ्या कागदाचा बोळा दोऱ्याने आवळावा. त्यावर खळ व थोडी खडूची पूड मिसळलेला लगदा पातळ थापावा. घाई येथेच नडते. एकदम जाड थर दिला, तर वरून कडक झालेले डोके आतून ओले राहते आणि चार दिवसांत त्याला बुरशी धरते. एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. नाक, कान, राजाचा मुकुट हे शेवटच्या थरात उठवावेत. खेळ दशलक्षण पर्वात करायचा असला, तरी बाहुल्या वैशाखातील शिबिरातच कराव्यात. पावसाळ्यात लगदा वाळत नाही.

पुढचे काम सोपे आहे. पॉलिश पेपरने घासावे, पांढरा हात देऊन रंगवावे. कुंचला नायलॉनचा असावा, प्राण्यांच्या केसांचा नसावा. राजा झाला म्हणून त्याला रेशीम नको. सुती कापडाला खोट्या जरीचा काठ शोभतो. केस सुतळीचे करावेत.

आता प्रश्न बाहुल्या कोणाच्या करायच्या हा. राजा, माता, मोर, कुत्रा, कोंबडा यांच्या जरूर कराव्यात. तीर्थंकरांची वा मुनिराजांची बाहुली मात्र करू नये. ज्या डोक्यात बोट घालून ते नाचवायचे आणि खेळ संपताच पेटीत टाकायचे, तेथे विनय राहत नाही. मुनिराजांचे बोलणे पडद्यामागून ऐकू यावे.

सर्वांत अवघड प्रसंग कोंबडा कापण्याचा. तलवार पडते, मान उडते, आणि प्रेक्षकांतील लहान मुले टाळ्या पिटतात. यशोधराने जे केले, तेच मग सभागृहात घडते. म्हणून राजाचा हात उगारलेला असतानाच दिवा मालवावा आणि अंधारात केवळ कोंबड्याचे आरवणे ऐकू यावे. कोंबडा अभंग राहतो, आणि पुढे मायलेक कोंबडा-कोंबडी होऊन जन्मतात, त्या प्रवेशात तीच बाहुली पुन्हा उपयोगी पडते.

खेळानंतर बाहुल्या उन्हात ठेवून, सुती पिशवीत कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह बांधाव्यात. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत.