परतफेडीचा आकडा आणि बाईचे कर्ज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



बचत गट आणि सूक्ष्म कर्जाचा विषय निघाला की सभेत कोणीतरी हमखास सांगते, ‘बायका पैसे बुडवत नाहीत, परतफेड ९५ टक्क्यांच्या वर आहे.’ हा आकडा खोटा असतोच असे नाही. पण तो कर्ज देणाऱ्याने आपल्या वसुलीसाठी मोजलेला असतो. हप्ता भरायला बाईने दुसरे कर्ज काढले, डोरले गहाण टाकले की घरातले दूध बंद केले, हे त्यात येत नाही. आंध्र प्रदेशात २०१० पर्यंत परतफेडीचे असेच उत्तम आकडे छापले जात होते. मग कर्जबाजारी घरांतल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली कोसळली. एकेका घरावर किती संस्थांचे कर्ज साचले आहे, हे त्या टक्केवारीत कधी दिसलेच नव्हते.

म्हणून कुठलाही आकडा हाती आला की आधी विचारायचे: हा कोणी मोजला, आणि मोजताना कोण सुटले?

नाबार्ड दरवर्षी सूक्ष्म वित्ताच्या स्थितीचा अहवाल काढते. १९९२ साली ५०० गटांच्या प्रयोगापासून सुरू झालेली बँक-जोडणी आज कुठवर पोचली, किती गटांची बचत बँकेत आहे, किती कर्ज थकले, हे त्यात राज्यवार मिळते. तो जरूर वापरावा. पण ही माहिती बँकांकडून येते आणि तिथे मोजला जातो तो गट, बाई नव्हे. गटाला मिळालेल्या कर्जातले किती गटप्रमुखाच्या घरी गेले, किती दलित वस्तीत पोचले, एकट्या राहणाऱ्या बाईला मिळाले की नाही, हे फक्त गटाच्या वहीतच सापडेल.

खाजगी वित्तसंस्थांच्या संघटनाही अहवाल काढतात. तिथे ग्राहकांच्या संख्येकडे सावधपणे पाहा. एकाच बाईने तीन संस्थांकडून कर्ज घेतले असेल आणि संस्थांच्या याद्यांची नुसती बेरीज केली असेल, तर ती बाई तीनदा मोजली जाते.

कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचे तर राष्ट्रीय नमुना पाहणीची कर्ज व गुंतवणूक पाहणी आहे. तिथे घरोघर जाऊन विचारतात, त्यामुळे सावकारही नोंदला जातो. २०१९ च्या पाहणीत ग्रामीण भागातली ३५ टक्के घरे कर्जात होती आणि दर घरामागे सरासरी कर्ज ५९,७४८ रुपये होते. मात्र ही सरासरी बिनकर्जाची घरे धरून काढलेली आहे. फक्त कर्जदार घरांचा हिशेब केला तर ती सुमारे १ लाख ७० हजार होते. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता कुठे वापरला जातो, यावर नजर हवी. शिवाय ही पाहणी घराची. घराच्या आत कर्जाचा भार कोणावर, हे ती सांगत नाही.

ते बाईलाच विचारावे लागते. अ‍ॅन मेरी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी बांगलादेशात ते विचारले. त्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. कर्जे बायकांच्या नावावर होती, पण त्यांच्या वापरावर बाईचा पूर्ण किंवा बराचसा ताबा सुमारे ३७ टक्के कर्जांतच आढळला. संस्थेच्या खातेवहीत मात्र ती सगळीच ‘महिलांना दिलेली कर्जे’ होती.

आपल्या गावात आपण काय करू शकतो? गटाची वही, बँकेचे पासबुक आणि कंपनीचे हप्त्याचे कार्ड शेजारी शेजारी ठेवून नोंदी ताडून पाहा. बाईशी एकटीशी बोला. नवरा किंवा गटप्रमुख समोर असताना मिळालेले उत्तर वेगळे असते. ‘कर्ज आहे का?’ एवढेच विचारू नका. बँक, कंपनी, पतसंस्था, सोनेतारण, सावकार, भिशी, किराणा दुकानातली उधारी, हातउसने असे एकेक नाव घेऊन विचारा. मागचा हप्ता कुठल्या पैशातून भरला, हे विचारा. पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकीला स्वतःचा कर्ज-अहवाल वर्षातून एकदा मोफत मागता येतो, तोही मिळवा. सावकार त्यात नसेल, पण तिच्या नावावर तिला माहीत नसलेले कर्ज असेल तर ते तिथे दिसू शकते. आणि तक्त्यावर नावे लिहू नका, क्रमांक लिहा. तो कागद वसुली करणाऱ्याच्या हाती पडता कामा नये.

या खटाटोपाला एक पक्का आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सूक्ष्म कर्ज देताना घराचे सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्ज देताना उत्पन्न किती लिहिले गेले आणि खरे किती होते, आधीचे हप्ते धरले की नाही, हे आपल्या तक्त्यातून दाखवता येईल. बायकांवर अन्याय होतो असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. आता कोणत्या वस्तीत, किती घरांत, कोणता नियम मोडला, हे लिहून अर्ज करू या. तशा अर्जाला उत्तर द्यावे लागते.