पाळण्यामागचे हात : थीम पार्कचा इतिहास आणि रचना

थीम पार्क कोणी आणि कसे घडवले, हे पडद्यावर नीट मांडणाऱ्या माहितीपटांमध्ये ‘द इमॅजिनिअरिंग स्टोरी’ या सहा भागांच्या मालिकेचे नाव आधी घ्यावे लागते. ती 2019 मध्ये प्रदर्शित झाली. दिग्दर्शिका लेस्ली आयवर्क्स या अब आयवर्क्स यांची नात. मिकी माउसला पहिल्यांदा कागदावर उतरवणारे, वॉल्ट डिस्नेचे जुने सहकारी ते हेच. त्यामुळे डिस्नेच्या दप्तरातले जुने चित्रीकरण, नकाशे आणि कारागिरांच्या मुलाखती या मालिकेत भरपूर आहेत. पॅरिसच्या उद्यानाची आर्थिक ओढाताण किंवा 2001 मध्ये हात आखडून बांधलेल्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर या उद्यानाचे अपयश तिने झाकलेले नाही, हा तिचा मोठा गुण. तरीही मालिका डिस्ने कंपनीच्याच स्ट्रीमिंग सेवेसाठी झालेली आहे. घरच्यांनी लिहिलेले घराण्याचे चरित्र वाचताना जी सावधगिरी बाळगायची, ती इथेही हवी. शिवाय थीम पार्कचा इतिहास डिस्नेपासून सुरूही होत नाही.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळचे बाकेन हे करमणुकीचे ठिकाण 1583 पासून सुरू आहे आणि जगातले सर्वांत जुने मानले जाते. त्याच शहरातले टिव्होली 1843 चे. पुढचे मोठे पाऊल 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पडले. जॉर्ज फेरिस या पूलबांधणीतल्या अभियंत्याने तिथे 264 फूट उंचीचा लोखंडी पाळणा उभा केला. त्याला 36 डबे होते आणि प्रत्येक डब्यात 60 माणसे मावत, म्हणजे एका वेळी 2160. त्याच प्रदर्शनाच्या बांधकामावर एलियास डिस्ने नावाचा सुतार कामाला होता. वॉल्ट हा त्याचा मुलगा.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने लाकडी उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली, ताशी सहा मैल वेगाची. पाच सेंट देऊन लोक तीत बसण्यासाठी रांगा लावत. तिथेच 1895 मध्ये गाडीला पूर्ण उलटे फिरवणारे वर्तुळ बांधले गेले आणि ते फसले. वर्तुळ अगदी गोल होते. गाडी वेगाने सपाटीवरून वर्तुळात शिरली की क्षणात प्रवाशाच्या अंगावर त्याच्याच वजनाच्या कितीतरी पट भार येई आणि माना लचकत. यावर खात्रीचा तोडगा निघायला 1976 साल उजाडले. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने वळणाला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला, खाली रुंद आणि वर निमुळता. खाली, जिथे वेग जास्त, तिथे वळण मोकळे ठेवायचे. वर, जिथे वेग मंदावतो, तिथे ते आवळायचे. भार हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. आज रोलर कोस्टर अशा उभ्या वळणात उलटा फिरताना दिसला, तर त्यामागे बहुधा हेच गणित असते.

पण रोलर कोस्टर म्हणजे थीम पार्क नव्हे. करमणुकीच्या उद्यानात वेगवेगळे पाळणे शेजारी शेजारी उभे असतात. थीम पार्कमध्ये एक गोष्ट असते आणि माणूस त्या गोष्टीतून चालत जातो. ही कल्पना सिनेमावाल्यांची आहे. वॉल्ट डिस्नेने 1952 मध्ये उद्यानाच्या आखणीसाठी वेगळी कंपनी काढली आणि तीत स्टुडिओतले नेपथ्यकार, चित्रकार, अ‍ॅनिमेटर ओढून आणले. सप्टेंबर 1953 मधली एक हकिगत प्रसिद्ध आहे. भाऊ रॉय याला सोमवारी न्यूयॉर्कला पैसे उभे करायला जायचे होते आणि हातात दाखवण्यासारखे काहीच नव्हते. वॉल्टने शनिवारी सकाळी हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून घेतले. वॉल्ट शेजारी बसून सांगत गेला, रायमन काढत गेला. दोन दिवसांत एक मोठे विहंगम चित्र तयार झाले, आणि त्यातली मुख्य आखणी पुढे प्रत्यक्षात उतरली. पैशाची मोठी बाजू एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने उचलली, बदल्यात वॉल्टने तिला मालिका दिली.

डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी अ‍ॅनाहाइममध्ये, संत्र्यांच्या बागा काढून केलेल्या जागेवर उघडले. पहिला दिवस हालाचाच गेला. खोटी तिकिटे घेऊन माणसे शिरली, ताज्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा स्वच्छतागृहे यांपैकी एकच वेळेत पुरे होणार होते. वॉल्टने स्वच्छतागृहे निवडली. हा निर्णय योग्यच होता.

आखणीतल्या तीन गोष्टी मात्र पहिल्याच दिवसापासून पक्क्या होत्या. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे, त्यामुळे आतून बाहेरचे रस्ते आणि विजेचे खांब दिसत नाहीत. प्रवेशद्वार एकच. तिथून एक रस्ता मधल्या चौकात येतो आणि चौकातून वाटा फुटतात. प्रत्येक वाटेच्या टोकाला लांबूनच खुणावणारे काहीतरी उंच असते, म्हणजे पाटी न वाचताही पाय आपोआप तिकडे वळतात. तिसरी गोष्ट उंचीच्या आभासाची. तिथला राजवाडा अवघा 77 फूट आहे, पण वर जाताना त्याचे दगड आणि खिडक्या लहान लहान होत जातात, म्हणून तो फार उंच भासतो. ही युक्ती मराठी मुलखाला परकी नाही. सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वराचे शिखर पाहावे. एकावर एक रचलेल्या छोट्या शिखरांच्या ओळी वर जाताना आक्रसत जातात, आणि नजर कळसाच्याही पुढे जाते.

पुढे यंत्रे आली. 1963 मध्ये डिस्नेलँडमध्ये बोलणारे, माना वळवणारे यांत्रिक पक्षी बसले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात यांत्रिक अब्राहम लिंकन खुर्चीतून उठून भाषण करू लागला. शिर्डीच्या साई तीर्थ या उद्यानातली हलती-बोलती मूर्ती याच तंत्राची आहे.

भारतात दिल्लीचे अप्पू घर 1984 मध्ये आणि मुंबईत गोराईचे एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले. दोन्ही मुख्यतः पाळण्यांची उद्याने. गोराईला एक गोष्ट जागेनेच बहाल केली होती. तिथे जायला खाडी ओलांडावी लागे, आणि बोटीत पाय ठेवला की शहर मागे पडे. डिस्नेने मातीचा बांध घालून जे साधले, ते इथे पाण्याने साधले.

गोष्टीभोवती रचलेले मोठे उद्यान महाराष्ट्रात 2013 मध्ये झाले, खोपोलीजवळ सांगडेवाडीला. इमॅजिका. ते उभारणारे मनमोहन शेट्टी हेही सिनेमातलेच. त्यांच्या अ‍ॅडलॅब्समध्ये चित्रपटांच्या फिल्म धुतल्या जात, आणि ‘अर्धसत्य’च्या निर्मात्यांत त्यांचे नाव आहे. इमॅजिकातल्या गोष्टींची निवड लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. एक खेळ ‘मिस्टर इंडिया’ या 1987 च्या चित्रपटावर बेतलेला, दुसरा अलीबाबाच्या गुहेवर. तिसऱ्यात होडी अंधारात शिरते आणि राजासॉरस अंगावर येतो. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही. त्याचे जीवाश्म गुजरातेत राहिओलीला सापडले आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेतला डायनॉसोर उसना आणण्याऐवजी आपल्या मातीतला निवडला, हे आखणाऱ्यांचे श्रेय. तिथला ‘नायट्रो’ हा कोस्टर स्वित्झर्लंडच्या कंपनीचा. त्याला पायाखाली तळ नाही, पाय मोकळे लोंबतात. 2022 मध्ये उद्यानाचा ताबा मालपाणी समूहाकडे गेला.

कर्जतजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये उभारलेला स्टुडिओही याच वाटेवरचा. ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्ऱ्याचा किल्ला उभा राहिला होता, आणि पुढे नेपथ्य पाहायला प्रेक्षक तिकीट काढून येऊ लागले. पुण्याजवळ आंबेगावला बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतील शिवसृष्टीचा पहिला टप्पा फेब्रुवारी 2023 मध्ये खुला झाला. इतिहासाचे उद्यान बांधताना जबाबदारी दुप्पट होते. काल्पनिक राजवाड्याची खिडकी कशीही चालते, गडाच्या दरवाजाची चालत नाही.

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या लोकांना मात्र उंच पाळण्याची पहिली ओळख यांपैकी कुठेही झालेली नसते. ती होते अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेत किंवा पैठणच्या नाथषष्ठीला. तिथलीही रचना अभ्यासण्याजोगी आहे. आकाशपाळणा भरताना पाळणेवाला ओळीने माणसे बसवत नाही. एक पाळणा भरला की चाक अर्धे फिरवून तो समोरचा भरतो, नाहीतर एका बाजूचे वजन चाक ओढते. चार बायका आणि लेकरे एका पाळण्यात बसली, तर समोर कोण बसवायचे हे तो नजरेनेच ठरवतो. मौत का कुआंच्या फळ्या दर जत्रेत नव्याने जोडल्या जातात. मोटारसायकल उभ्या भिंतीवर टिकते ती वेगामुळे. वेग असला की भिंत चाकांना आत रेटते, त्या रेट्याने घर्षण वाढते आणि तेच गाडीला खाली घसरू देत नाही. चालक वेगाचा हा अंदाज फळ्यांच्या आवाजावरून आणि सवयीने घेतो. रात्री लांबून दिसणारा दिव्यांचा पाळणा जत्रेला आलेल्या माणसाला आपल्याकडे खेचतो. डिस्नेच्या राजवाड्याचे काम तेच.

फरक नोंदींचा आहे. हर्ब रायमनचे चित्र जपलेले आहे, त्याची तारीख ठाऊक आहे. जत्रेतला पाळणा कोणत्या लोहाराने घडवला, त्याचा आस कुठून आणला, तो कोणत्या जत्रेतून कोणत्या जत्रेला ट्रकवर चढतो, पावसाळ्यात ती कुटुंबे कुठे राहतात, हे विचारून लिहून ठेवायला हवे. आज त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, खिशातला फोन पुरतो. यंदाच्या नवरात्रात अंबडला जाणाऱ्या तरुणांनी पाळण्यात बसण्याआधी तो उभा होताना पाहावा, पाळणेवाल्याची परवानगी घेऊन चित्रित करावा, आणि त्याचे नाव, गाव आणि तारीख त्यासोबत नोंदवावी.