तारेखालची पांढरी चौकट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीवर मी आजवर आलो तो कविता वाचायला. दातांविषयी बोलायला पहिल्यांदाच आलोय. तसं आम्हा कवींचं दातांशी जुनं नातं आहे. कुंदकळ्या, डाळिंबाचे दाणे, मोत्यांची लड, काय काय म्हणून ठेवलंय आम्ही त्यांना! पण तारा बसवलेल्या दातांवर कुणी कविता केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञान शाळेतच सुटलं. तेव्हा आज सांगणार आहे ते थोडं डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि बरंचसं घरात चुकून शिकलेलं आहे.

माझ्या थोरल्या मुलीचे दात पुढे आलेले होते. हसू आलं की तिचा हात आपोआप ओढणीकडे जायचा आणि ओढणी तोंडावर. चौदाव्या वर्षी तिला तारा बसवल्या. त्या वर्षी ईदच्या खरेदीला घरात सगळ्यांनीच कात्री लावली. दर महिन्याला दवाखान्याची फेरी, तार आवळली की दोन दिवस मऊ खिचडी, असं करत जवळजवळ दोन वर्षं गेली. शेवटी तारा निघाल्या. डॉक्टरांनी तिच्या हाती आरसा दिला. दात अगदी एका ओळीत! आणि समोरच्या चार दातांवर, जिथे ते धातूचे बारके चौकोन चिकटवलेले होते त्यांच्या भोवती, खडूने आखावी तशी पांढरी चौकट.

मी विचारलं, "डॉक्टर, हे पॉलिशने जाईल ना?"

ते म्हणाले, "काका, हा डाग दातावर बसलेला नाही. तिथे दातच थोडा विरघळलाय."

यात डॉक्टरांचा काही दोष नव्हता. 'ब्रश नीट करा' हे त्यांनी दर फेरीला सांगितलं होतं, कार्डावर लिहूनही दिलं होतं. मी ते कार्ड फक्त पुढची तारीख बघायला उघडायचो. पैसे भरलेत, आता डॉक्टर बघून घेतील, अशी माझी समजूत. तार दात सरकवते, ते डॉक्टरांचं काम. पण महिन्याच्या तीस दिवसांतला एक दिवस दवाखान्याचा, बाकीचे एकोणतीस आपल्या घरातल्या बेसिनपाशी जातात, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दात विरघळतो म्हणजे काय होतं? जेवणानंतर दातांवर जंतूंचा एक चिकट, जवळजवळ न दिसणारा थर धरतो. त्याला प्लाक म्हणतात. आपण खाल्लेली साखर, पिष्ट या जंतूंना मिळालं की ते आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातला, इनॅमलमधला कॅल्शियम आणि फॉस्फेट ओढून काढतं. आपली लाळ ही झीज भरून काढत असते, पण थर रोजच्या रोज निघाला तर. तारा बसवल्यावर त्या थराला लपायला शेकडो जागा मिळतात. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा आवळत असत. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरबरीत केला की त्यावर राळेसारखा पदार्थ पक्का धरतो, हे दाखवलं. पुढे त्याच वाटेने ब्रॅकेट थेट दातावर चिकटवायला लागले. पट्ट्यांपेक्षा हे कितीतरी बरं. पण ब्रॅकेटच्या कडेला एक बारीक पायरी राहतेच, आणि मळ तिथेच थांबतो. चार आठवडे हयगय झाली तरी ही पांढरी खूण उमटायला सुरुवात होऊ शकते. चार आठवडे, म्हणजे दोन फेऱ्यांमधला वेळ!

धाकटीच्या वेळी मी शहाणा झालो. तिच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्या दातांना एक रंग लावला आणि चूळ भरायला सांगितली. स्वच्छ जागेवरचा रंग निघून गेला, जिथे मळ होता तिथे तो तसाच राहिला. पोरगी त्याआधी घरी ब्रश करून आली होती, तरी हिरड्यांच्या कडेने गुलाबी रेघच रेघ. बाई म्हणाल्या, "तार बसली की प्रत्येक दाताचे दोन मजले होतात बघ. एक हिरडी आणि तारेच्या मधला, दुसरा तार आणि दाताच्या टोकाच्या मधला. पोरं घासतात कुठे? मधल्या ब्रॅकेटवर! ब्रॅकेट चकाचक, आणि हिरडीकडचा मजला तसाच." थोरलीच्या चौकटी हिरडीकडच्या बाजूलाच जास्त ठळक का, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी रीत शिकवली. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ, म्हणजे अडकलेले मोठे कण निघून जातात. ब्रश मऊ केसांचा. तो हिरडीच्या कडेला तिरपा टेकवायचा, साधारण ४५ अंशांत, आणि जागच्या जागी लहान लहान गोल फिरवायचा. मग तारेच्या दुसऱ्या बाजूने, उलटा तिरपा. मग चावायचा भाग आणि आतली बाजू, जी सगळेच विसरतात. त्यानंतर एक इवलासा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशासारखा पण काडेपेटीतल्या काडीएवढा. औषधाच्या दुकानात इंटरडेंटल ब्रश म्हणून मागितला की मिळतो. तो तारेखालून घालायचा आणि दोन ब्रॅकेटच्या मधली जागा वर-खाली झाडून काढायची. दोन दातांच्या फटीत फ्लॉसचा दोरा घालायचा, तर तारेमुळे तो वरून जात नाही; त्यासाठी प्लॅस्टिकची सुईसारखी ओवणी मिळते. खरं सांगतो, दोरा आमच्याकडे रोज होत नाही. इवला ब्रश मात्र होतोच.

टूथपेस्ट फ्लोराइडची हवी, कारण फ्लोराइडमुळे इनॅमलची झीज भरून यायला मदत होते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण पेलाभर पाण्याने चुळा भरभरून ते फ्लोराइड धुऊन टाकू नये. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जादा असतं; तिथल्या पालकांनी पेस्टचं डॉक्टरांनाच विचारावं. आणि आपली राखुंडी किंवा खरखरीत दंतमंजन या दिवसांत नको. मशेरीचं तर नावही काढू नका. ब्रशचे केस तारांवर घासून लवकर फाकतात, तेव्हा तीन महिने व्हायची वाट न बघता तो बदलावा.

हिरडीतून रक्त आलं की आपण घाबरून तिथे ब्रश लावणंच बंद करतो. थोरलीच्या वेळी आम्ही तेच केलं. मळ साचून हिरडी सुजते, म्हणून रक्त येतं. हलक्या हाताने जागा नीट स्वच्छ होत गेली की आठ-पंधरा दिवसांत ते बहुधा थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवावं.

आता खाण्याचं. आम्ही सोलापूरची माणसं. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी! तारा बसवलेल्या मुलाला ही जोडी म्हणजे परीक्षाच. कडक भाकरीने ब्रॅकेट निघतो आणि शेंगांचा कूट तारेखाली जाऊन बसतो. धाकटीने तोडगा काढला, भाकरी आमटीत कुस्करून मऊ करायची. चटणी खाल्ली तर लगेच बेसिन. चिक्की, ऊस, कणीस, सुपारी, च्युइंगगम बंद. पेरू आणि सफरचंद फोडी करून. बिर्याणीतलं हाड चोखायचं नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं पिवळी होतात. ती पुढच्या फेरीला बदलली जातात, त्याची काळजी नको.

रमजानमध्ये एक वेगळाच पेच आला. सहेरीला उठायचं, पेंगत खायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं, ही मुलांची सवय. झोपेत लाळ कमी होते, रोज्यात दिवसभर तोंड कोरडं, आणि तारेखाली खजूर चिकटलेला. बाईंनी बजावलं, सहेरी आणि अजान यांच्या मध्ये ब्रशची पाच मिनिटं काढायचीच, आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा. माझी आई म्हणाली, "आमच्या वेळी मिसवाक होती, पुरायची." मिसवाक म्हणजे पीलूच्या झाडाची काडी. आईचे दात या वयातही बरे आहेत, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काडी जरूर वापरा. पण तारेखाली ती पोचत नाही, तिथे ब्रशच लागतो." आईने दुसऱ्या दिवसापासून सहेरी दहा मिनिटं आधी वाढायला सुरुवात केली.

तारा निघाल्यावरही काम संपत नाही. सरकलेले दात परत फिरू नयेत म्हणून रिटेनर देतात. तोही रोज धुवायचा, पण साध्या पाण्याने. गरम पाण्याने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.

थोरलीच्या चौकटी वर्षभरात थोड्या फिक्या झाल्या. दोन अजून आहेत. बोलताना फार कळत नाहीत, दात कोरडे झाले की उठून दिसतात. तिचे दात आता सरळ आहेत, तरी फोटो काढताना ती ओठ मिटून घेते.

धाकटीच्या तारा निघायला अजून पाच महिने आहेत. रात्री ती बेसिनपाशी उभी राहिली की थोरली पुस्तक बाजूला ठेवून उठते आणि मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर धरते. मी बाहेरच्या खोलीत असतो. आतून आवाज येतो, "वरचा मजला राहिला तुझा. आ कर."