एकच दुकान आणि मालाची जबाबदारी



संगणकाच्या पडद्यावरील सजावटीविषयी बोलायला एका कामगार कार्यकर्त्याला उभे केलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि मोंढ्यात अधिक झाले. परंतु ज्या प्रश्नाशी मी आयुष्यभर झगडत आलो, तोच मला या नव्या यंत्रातही भेटला. माल देणारा एक, घेणारा दुसरा आणि मध्ये बसणारा तिसरा. मग मालात खोट निघाली तर उत्तर कोणी द्यायचे?

प्रथम विषय समजून घेऊ. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. अशा वेळी धडधाकट यंत्र भंगारात घालायचे की त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसवायची, हा प्रश्न आपल्यासारख्या जिल्ह्यात चैनीचा नव्हे, खर्चाचा आहे. लिनक्सवर ‘प्लाझ्मा’ नावाचा पडदा मिळतो. तो केडीई या मंडळींनी घडवला. १९९६ साली मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याच्या हाकेतून हे काम सुरू झाले. आज जगभरचे स्वयंसेवक त्यात राबतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांची भारतीय परिषद पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात भरली होती.

या पडद्याला हवा तसा पोशाख चढवता येतो. त्याला थीम म्हणतात. कोपऱ्यात घड्याळ, हवामान, टिपणवही लावता येते, ती विजेटे. पूर्वी असा माल शोधत दारोदार हिंडावे लागे आणि उतरवलेली फाइल कोणत्या खणात ठेवायची तेही ठाऊक असावे लागे. आता ‘डिस्कव्हर’ नावाचे एकच दुकान संगणकातच आहे. शोधावे, चित्र पाहावे, कळ दाबावी, वस्तू बसली. नकोशी झाली तर तेथेच काढून टाकावी. हा माल ‘केडीई स्टोअर’ या सामायिक कोठारातून येतो. २०१६ साली ते या नावाने उघडले. कोणीही कारागीर आपली वस्तू तेथे मांडू शकतो. ज्याने कोणत्या वर्गात बसून संगणक शिकला नाही, त्याला अशा दुकानाचे मोल विचारा.

आता दुसरी बाजू. मार्च २०२४ मध्ये एका वापरणाऱ्याने या कोठारातून एक थीम उतरवून बसवली आणि त्याच्या स्वतःच्या फायली संगणकातून पुसल्या गेल्या. करणाऱ्याचा हेतू दुष्ट होता असे दिसले नाही. लिखाण सदोष होते. पण पुसले गेलेले हेतू पाहून परत येत नाही!

असे का झाले? भिंतीवरचे चित्र हे निव्वळ चित्र असते. परंतु संपूर्ण थीम आणि विजेट यांच्या पोटात चालणाऱ्या आज्ञा असू शकतात आणि त्या आज्ञा आपल्याच अधिकाराने चालतात. भिंतीला रंग देणे वेगळे आणि रंगाऱ्याला घराच्या किल्ल्या देणे वेगळे. दुकानात मात्र दोन्ही एकाच फळीवर मांडलेली! आमच्या कार्यालयातील संगणकात हमालांची नावे, हजेरी, हमालीचे हिशेब आहेत. त्या गृहस्थाच्या जागी आमचे कार्यालय असते तर कित्येकांचा कष्टाचा पुरावाच नाहीसा झाला असता.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बांधवांना हा प्रकार नवा नाही. उचल मुकादमाकडून, हिशेब मुकादमाकडे. तंटा निघाला की कारखाना म्हणतो, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, कारखान्याने दिले नाही. मधला माणूस सोयीचा असतो, पण जबाबदारी त्याच्यापाशी येऊन हरवते.

कोणी म्हणेल, धर्माच्या गायीचे दात का मोजता? फुकट वस्तू देणाऱ्या त्या तरुण कारागिराकडून कारखान्याची हमी मागणे मलाही अन्यायाचे वाटते. म्हणूनच मी ती दुकानाकडे मागतो. ग्नोम या दुसऱ्या मोफत पडद्याच्या मंडळींनी ही रीत पाळली आहे: जोडणी कोठारात मांडण्यापूर्वी तिचे लिखाण तपासनीस वाचतो. तेही स्वयंसेवकच. उलट मायक्रोसॉफ्टचे पाहा. २००७ साली व्हिस्टाबरोबर तिने अशीच ‘गॅजेटे’ घरोघर पोहोचवली. २०१२ च्या जुलैत त्यांत धोका असल्याचे सांगून ती बंद करण्याचे साधन दिले, आणि पुढच्या विंडोज ८ मध्ये ती ठेवलीच नाहीत. धोका टळला खरा, पण दुकानही गेले.

तेव्हा दुकान मोडावे काय? मुळीच नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. विखुरलेल्या हमालांना त्याने एका मंडळाखाली आणले. मालक व कामगार या दोघांची नोंद ठेवली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली आणि मालक, कामगार, सरकार या तिघांना तेथे बसवले. एके ठिकाणी आणण्यात दोष नसतो. उत्तरदायित्व नसण्यात असतो. या दुकानातही चित्रे एका फळीवर, आज्ञा असलेला माल दुसऱ्या फळीवर हवा. त्या दुसऱ्या फळीची तपासणी हवी. आणि तपासणी हे काम आहे. कामाला हात लागतात, वेळ लागतो, मोबदला लागतो. ज्या संस्था हा मोफत पडदा वापरून पैसा वाचवतात, त्यांनी त्यातला थोडा वाटा इकडे वळवला तर तो दानधर्म होणार नाही; ती मजुरी होईल.

तोवर आपण काय करावे? नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही त्याच झाडूखाली येईल. चित्रे व रंगसंगती खुशाल घ्याव्यात. आज्ञा असलेल्या थीम घरच्या यंत्रावर आधी पारखाव्यात. ज्या संगणकात चार लोकांचे हक्क नोंदलेले आहेत, तेथे त्यांना दार उघडू नये.

सोय मागावी, आणि सोयीबरोबर जाबही मागावा.